पहाटे साडेचारला उतरणाऱ्यांचं स्थानक

गेल्या हिवाळ्यात जालन्याहून येणाऱ्या मावशीला घ्यायला मी पहाटे पुण्यातल्या वाकडेवाडीच्या एसटी स्थानकावर गेलो होतो. साडेचारच्या सुमाराला गाडी लागली. मावशी उतरली ती आधी सामान उतरवत : ज्वारीचं बाचकं, शेंगदाण्याचा डबा, कपड्यांची बॅग आणि खांद्याला अडकवलेली पाण्याची बाटली. सगळं पायाशी मांडून तिने पदर डोक्यावरून घट्ट केला आणि पहिला प्रश्न विचारला, "अरे, ती मेट्रो कुठंय तुमची? टीव्हीवर दाखवतात ती?"

मी शिवाजीनगरच्या दिशेला बोट केलं. "तिकडं आहे मावशी, दीड-दोन किलोमीटर. पण ती सहाला सुरू होते."

"मग काय उपयोग?" ती म्हणाली आणि बाचक्याचं एक टोक माझ्याकडे दिलं.

पुण्यात शिवाजीनगर आणि स्वारगेट इथे उभ्या राहायच्या वाहतूक केंद्रांबद्दल जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला हा प्रश्न आठवतो. चित्रं सुरेख असतात. काचेच्या भिंती, गच्चीवर सौर पॅनल, झाडांच्या रांगा, खाली मेट्रो, मध्ये बस, वर दुकानं आणि कार्यालयं. शब्दही ठरलेले असतात : एकात्मिक, बहुपर्यायी, हरित, शाश्वत. या शब्दांशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की असं केंद्र चांगलं की वाईट हे ठरवताना इमारतीकडे बघू नये. दोन्ही हातांत ओझं घेतलेला माणूस एका वाहनातून उतरून दुसऱ्यात बसेपर्यंत किती पावलं चालतो, किती पायऱ्या चढतो आणि किती वेळ ताटकळतो, ते मोजावं. हे आकडे कमी असतील तर केंद्र शाश्वत. जास्त असतील तर गच्चीवर कितीही पॅनल बसवली तरी तो माणूस पुढच्या वेळी दुचाकीच काढणार.

शिवाजीनगरची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिथे केंद्र नव्याने जुळवायची गरजच नव्हती, ते आपोआप जुळलेलं होतं. एसटीचं स्थानक आणि शिवाजीनगर रेल्वे स्थानक एकमेकांना लागून. लोणावळ्याकडून लोकलने आलेला माणूस दोन-चार मिनिटांत नाशिकच्या किंवा नगरच्या गाडीच्या फलाटावर पोचायचा. बाहेर रस्त्यावर पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, गाड्या. त्यात भुयारी मेट्रोचं स्थानक याच जागेखाली आलं. म्हणजे चारही साधनं हाकेच्या अंतरावर. देशातल्या फार थोड्या शहरांना अशी जागा मिळते.

मेट्रोचं बांधकाम करायचं म्हणून २०१९ च्या अखेरीस एसटी स्थानक तिथून उठवून वाकडेवाडीला नेलं. तात्पुरतं, असं तेव्हा सांगितलं होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. जमीन खोदायची तर वरची माणसं हलवावीच लागतात. १ ऑगस्ट २०२३ रोजी शिवाजीनगरचं मेट्रो स्थानक प्रवाशांसाठी सुरूही झालं. तिथून एका स्थानकावर, जिल्हा न्यायालयापाशी, वनाज-रामवाडी मार्गिका मिळते. हिंजवडीहून येणारी साधारण २३ किलोमीटरची तिसरी मार्गिकाही तिथेच येऊन संपायची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोचली. खालचं काम झालं, गाड्या धावू लागल्या, पण वरचं एसटी स्थानक मात्र परतलं नाही. पाच वर्षं उलटून गेली. ज्या मेट्रोसाठी एसटी हलली, त्याच मेट्रोपासून एसटीचा प्रवासी दीड-दोन किलोमीटर लांब राहिला.

अडलं कुठे? मुख्यतः पैशांवर, आणि पैसे कशातून उभे करायचे या प्रश्नावर. जागा एसटी महामंडळाची. ती मोक्याची आहे, तिची किंमत मोठी आहे आणि महामंडळ कर्जबाजारी आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर दाखवला आहे. अशा संस्थेने आपल्या जागेवर व्यापारी संकुल उभारून, भाड्यातून किंवा विकासकाच्या गुंतवणुकीतून स्थानक बांधून घ्यायचं ठरवलं तर तिला दोष देता येत नाही. नवी मुंबईत सिडकोने, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, हेच केलं. रेल्वेच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला आणि वाशी, बेलापूरसारख्या स्थानकांवर कार्यालयांच्या इमारती चढवल्या. लोकलमधून उतरून माणूस वरच्या मजल्यावर कामाला जातो, यापेक्षा शहाणी रचना कोणती? स्थानकावर दुकानं-कार्यालयं नकोत, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण सिडकोच्या त्या स्थानकांत एक गोष्ट पक्की होती. इमारत रेल्वेसाठी होती आणि रेल्वे तिच्या पोटातून धावत होती. एसटीच्या जागांबाबत भीती उलटी आहे. व्यापारी भागाचं गणित जुळेपर्यंत स्थानकाने थांबायचं, बाजार पडला की पुन्हा थांबायचं, आराखडा बदलला की पुन्हा थांबायचं. म्हणून करारात एकच अट सगळ्यांत वर हवी : तळमजल्यावरचं बसस्थानक आधी. फलाट, प्रतीक्षागृह, स्वच्छतागृहं, चौकशी, हिरकणी कक्ष आणि मेट्रोकडे उतरणारा रस्ता एवढं बांधून प्रवाशांच्या हवाली करायचं, मगच वरच्या मजल्यांची परवानगी. खांब आणि पाया वरचा भार धरून आधीच घालून ठेवता येतात, अभियंत्यांना त्यात अवघड काही नाही. विकासकाला ही अट जड जाईल, निविदेला बोली कमी येईल, हे मान्य. ती तूट राज्याने भरावी. मेट्रोला केंद्र आणि राज्य पैसे देतात, रस्त्यांना आणि उड्डाणपुलांना देतात. खेड्यातल्या माणसाला शहराच्या मधोमध आणून सोडणारं स्थानक तेवढं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, हा हट्ट कशासाठी? १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती पुणे-नगर मार्गावरच. "रस्ता तिथे एसटी" हे वचन ज्या संस्थेने पाळलं, तिच्या स्थानकाला भाडेकरू मिळेपर्यंत वाट बघायला लावणं मला पटत नाही.

आता "हरित" या शब्दाकडे वळतो, कारण त्याच्या नावाखाली सगळ्यांत जास्त खर्च होणार आहे. ढोबळ हिशेब मांडून बघू. एक किलोवॅटच्या सौर पॅनलला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला चार युनिट वीज मिळते. स्थानकाचं छप्पर दहा हजार चौरस मीटरचं धरलं आणि ते पूर्ण झाकलं तर दिवसाला चार हजार युनिट मिळतील. बारा मीटरची विजेवरची बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास खाते. दिवसाला दोनशे किलोमीटर धावली तर अडीचशे युनिट. म्हणजे अडीच एकर छपरातून सोळा बस चालतात. पॅनल जरूर बसवावीत, दिवे आणि पंखे तरी आपल्या उन्हावर चालतील. पण मोठ्या स्थानकात दिवसभरात शेकडो गाड्या ये-जा करतात. शहराच्या हवेत फरक पडणार असेल तर तो छपरामुळे नाही, दुचाकी घरी ठेवून आलेल्या माणसामुळे पडेल. आणि तो माणूस यायचा तर त्याला बस मिळायला हवी.

इथे पुण्याचं दुखणं जुनं आहे. केंद्राच्या नगरविकास खात्याने ठरवलेल्या मापानुसार चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस हवी. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून साधारण ४९ लाख होती. त्या जुन्या आकड्यावरही २,९०० बस लागतात, आणि त्यानंतर शहर किती फुगलं ते वाघोली किंवा वाकडला राहणाऱ्याला विचारा. पीएमपीचा ताफा गेली कित्येक वर्षं दोन हजारांच्या आसपास घुटमळतो आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणात तर स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक स्थानकाच्या दोन्ही बाजूंना किमान पाच किलोमीटरपर्यंत पूरक वाहतुकीची सोय प्रकल्प अहवालातच दाखवली पाहिजे. कागदावर ती दाखवली जाते. रस्त्यावर मात्र मेट्रोतून बाहेर पडलेला माणूस थांब्यावर उभा राहून मोबाइलवर रिक्षा शोधतो. केंद्राची इमारत ही साखळीतली एक कडी आहे. बाकी कड्या नसताना तिला कितीही पॉलिश केलं तरी साखळी होत नाही.

पावलांचा मुद्दा मी उगाच धरून बसलेलो नाही. मुंबईने याचे दोन्ही धडे घेतले आहेत. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा घाटकोपरला मेट्रोतून उतरणारा माणूस पुलावरून थेट रेल्वेच्या फलाटावर जाऊ लागला. रस्त्यावर उतरायचं नाही, पावसात भिजायचं नाही. पश्चिमेकडचा माणूस मध्य रेल्वेला मिनिटांत जोडला गेला आणि ती छोटीशी मार्गिका तुडुंब भरली. याच्या उलट, २००८ पासून मुंबईत ठिकठिकाणी स्कायवॉक उभे राहिले. त्यातले कित्येक ओस पडले, कारण चार पावलं वाचवायला दोन मजले चढायला माणसं तयार नव्हती. थकलेला माणूस सरळ रेषेत चालतो, वर जात नाही. आराखडा काढणाऱ्याने हे गृहीतच धरायला हवं.

आणि रुंदी. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, रेल्वे पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पाऊस आला, उतरलेली माणसं जिन्यावर थांबली, मागून गाड्या येत राहिल्या. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी कार्यालयं उभी राहून कैक वर्षं झाली होती, माणसं कित्येक पटींनी वाढली होती, पूल तेवढाच होता. शिवाजीनगर किंवा स्वारगेटच्या जोडमार्गाची रुंदी आजच्या प्रवाशांवर ठरवून चालणार नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री, सगळ्या गाड्या उशिरा धावत असताना आणि बाहेर पाऊस असताना तिथे किती माणसं असतील, ते धरून ती ठरवावी. दुकानासाठी त्या मार्गातला एक फूटही देऊ नये. वडापावची गाडी, पेपरवाला, चहावाला यांना जागा हवीच, त्यांच्यामुळे स्थानक जागं राहतं. पण ती कोपऱ्यात आखून दिलेली हवी, वाटेत नाही.

जागं राहणं हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वाहतूक केंद्राच्या चित्रांत नेहमी दुपार असते. ऊन छान पडलेलं असतं, माणसं तरुण असतात, प्रत्येकाच्या हातात फार तर एक लॅपटॉपची बॅग असते. एसटीचं स्थानक असं नसतं. विदर्भ-मराठवाड्यातून रात्री निघालेल्या गाड्या पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान पुण्यात पोचतात. त्यातून परीक्षेला आलेली मुलं उतरतात, ससूनला दाखवायला आणलेली म्हातारी माणसं उतरतात, बांधकामावर निघालेली कुटुंबं उतरतात, बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली उतरतात. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे या गर्दीत एकट्या बायका आणि वयस्क माणसं आधीपेक्षा किती तरी जास्त आहेत. ही माणसं उतरतात तेव्हा मेट्रो बंद असते, शहराच्या बहुतेक बस आगारात असतात, दुकानांची शटर खाली असतात. दीड तास त्यांनी करायचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकाच्या आवारात, अशाच पहाटेच्या वेळी, गावी जायची गाडी शोधणाऱ्या एका तरुणीवर उभ्या बसमध्ये बलात्कार झाला. त्यानंतर पहारा वाढवण्याची, कॅमेऱ्यांची, दिव्यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पहारेकरी किती नेमले याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न रचनेचा आहे. प्रवासी जिथे थांबतात तिथेच रिकाम्या, अंधाऱ्या गाड्यांच्या रांगा का उभ्या असतात? मुक्कामी गाड्यांचं आगार आणि प्रवाशांचे फलाट वेगळे करायची संधी नवं केंद्र बांधतानाच मिळते, नंतर नाही. चौकशीची खिडकी आत कुठे तरी असू नये, गाडीच्या दारातून उतरल्याबरोबर दिसली पाहिजे, आणि पहाटे चारला तिच्यामागे माणूस बसलेला पाहिजे. कोणती गाडी कुठे लागणार हे कुणा अनोळखी माणसाला विचारावं न लागणं, ही सुरक्षिततेतली पहिली गोष्ट आहे. फलकावर ठळक मराठीत गाडीचं गाव, वेळ आणि फलाट क्रमांक. ध्वनिक्षेपकावरून कळेल असा आवाज. एवढ्यानेही "या ताई, तुमची गाडी तिकडे लागलीय" म्हणणाऱ्याची वाट बंद होते.

म्हणून शिवाजीनगरला आणि स्वारगेटला पहाटेचा वेगळा आराखडा हवा. रात्रभर उघडं, भरपूर उजेडाचं, बाकांचं प्रतीक्षागृह, आणि ते तळमजल्यावर, फलाटाच्या समोर, सगळ्यांच्या नजरेत. त्याला लागून स्वच्छ, पाणी असलेली, रात्रीही माणूस हजर असलेली स्वच्छतागृहं. सामान ठेवायची खोली, कारण मुलाखतीला आलेल्या मुलाला दिवसभर बॅग घेऊन फिरावं लागू नये. पहाटे चारपासून दर अर्ध्या तासाला हडपसर, कोथरूड, निगडी, कात्रज, वाघोली या दिशांना पीएमपीची एक-एक गाडी. पाच दिशा, पहिले दोन तास, म्हणजे वीस फेऱ्या. शेकडो कोटींच्या प्रकल्पापुढे हा खर्च काहीच नाही, आणि हे करायला इमारतीची वाट बघायचीही गरज नाही. वाकडेवाडीहून उद्यापासून सुरू करता येईल.

गाड्या लावायच्या जागेवरून मात्र मी कडवट होणार आहे. प्रत्येक आराखड्यात शेकडो मोटारींच्या वाहनतळाचा आग्रह असतो. एका मोटारीला ये-जा करण्याच्या वाटेसकट पंचवीस-तीस चौरस मीटर लागतात. आपल्याकडे कित्येक कुटुंबं तेवढ्याच जागेत संसार करतात. शहराच्या मध्यभागी, जिथे तीन-चार साधनं एकत्र येतात, तिथे मोटार आणायला आमंत्रण देणं म्हणजे ज्या कोंडीतून सुटायचं म्हणून हे सगळं चाललंय तीच कोंडी विकत घेणं. दुचाकीला जागा ठेवावी, पैसे घेऊन ठेवावी, कारण उपनगरातून मेट्रो पकडायला येणाऱ्याचं ते पाऊल आहे. सायकलला फुकट ठेवावी. रिक्षांना रांग लावून देणारा थांबा हवा, मीटरप्रमाणे किंवा आधी पावती फाडून. त्या पहाटे आम्हाला भेटलेला पहिला रिक्षावाला दोनशे मागत होता आणि मावशीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून डोळ्यांसमोर आहे. तोही रात्रभर जागलेला होता. नियम नसला की दोघंही एकमेकांना नडतात.

तिकिटांबद्दल थोडक्यात. मेट्रोचं वेगळं, पीएमपीचं वेगळं, एसटीचं वेगळं, लोकलचं वेगळं. जून २०२५ पासून पीएमपीचं किमान भाडंही पाचाचं दहा रुपये झालं. मेट्रोतून उतरून दोन थांब्यांसाठी पुन्हा दहा रुपये मोजायचे असतील तर माणूस पुढच्या वेळी चालत जातो किंवा मेट्रोच सोडतो. गाडी बदलल्याचा दंड प्रवाशाला का? एका तासात दुसऱ्या साधनात बसला तर दुसरं भाडं अर्धं, एवढा साधा नियमसुद्धा चार संस्थांनी एकत्र बसल्याशिवाय होत नाही. त्या चारही संस्थांचे अधिकारी रोज एकाच छताखाली काम करतील, एवढी एक खोली नव्या केंद्रात असलीच पाहिजे. मेट्रो बंद पडली की वर बस सोडायच्या, रेल्वे उशिरा आली की शेवटची एसटी दहा मिनिटं थांबवायची, हे निर्णय पत्रव्यवहाराने होत नाहीत. समोरासमोर बसलेल्या दोन नियंत्रकांत ते एका हाकेने होतात.

कुणी म्हणेल, एवढी वर्षं थांबलोय तर आता घाई नको, पन्नास वर्षांचा विचार करून भव्य काही तरी होऊ दे. या म्हणण्यातली कळकळ मला समजते. आपल्या शहराला एक देखणं स्थानक असावं असं मलाही वाटतं. शिवाजीनगरच्या मेट्रो स्थानकाला किल्ल्याचं रूप दिलं आहे आणि आत शिरताना ते बघून मुलं थबकतात, ते मला आवडतं. पण भव्यतेची वाट बघत बसलेल्या वर्षांचीही किंमत असते, आणि ती कुणाच्याच अंदाजपत्रकात येत नाही. वाकडेवाडीहून शिवाजीनगरला रोज जाणाऱ्या प्रत्येक माणसाने रिक्षाला दिलेले पैसे, घालवलेली मिनिटं, चुकलेली जोडगाडी, आणि शेवटी कंटाळून घेतलेली दुचाकी. पाच वर्षांत ज्याने दुचाकीचे हप्ते सुरू केले तो स्थानक झाल्यावर बसमध्ये परत येईलच असं नाही. सवय मोडायला वेळ लागत नाही, लावायला लागतो.

म्हणून आराखडा मंजूर करण्याआधी एक गोष्ट करावी. जे अधिकारी, वास्तुरचनाकार आणि लोकप्रतिनिधी त्यावर सही करणार आहेत, त्यांनी एकदा रात्रीच्या गाडीने जालन्याहून, लातूरहून किंवा अकोल्याहून पुण्याला यावं. बरोबर दहा किलोचं बाचकं असावं, आणि शक्य झालं तर घरातलं एखादं वयस्क माणूस. उतरल्यापासून घरी पोचेपर्यंतची पावलं, पायऱ्या आणि मिनिटं लिहून ठेवावीत. मग नव्या केंद्राच्या नकाशावर तोच प्रवास पेन्सिलीने काढावा आणि दोन्ही आकडे निविदेच्या पहिल्या पानावर छापावेत.

आमचे मी त्या दिवशी लिहून ठेवले होते. गाडी साडेचारला लागली. मावशीला भाड्याची घासाघीस करायची नव्हती आणि मला बाचकं घेऊन चालायचं नव्हतं, म्हणून पहिली बस येईपर्यंत आम्ही चहाच्या टपरीशेजारच्या कट्ट्यावर बसलो. तिने डबा उघडून शेंगदाणे काढले. कोथरूडला घराचं दार वाजवलं तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.